चिन्ह नसलेली मतपत्रिका

इथं कॅनडात आमच्या मराठी मंडळानं मतदार नोंदणीचं काम हाती घेतलं तेव्हा पहिला नियम ठरला: कुठल्याही पक्षाची बाजू घ्यायची नाही. नियम मीच मांडला आणि पाळायला सगळ्यात जड मलाच गेला, कारण राजकारणावर माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही. विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत मी नोकरी करते. निवडणुकीच्या दिवसांत तिथले लोक जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापासून लांब बसतात.

सुरुवात आम्ही मिसिसागातल्या एका कॉलेजात टेबल मांडून केली. उत्साहानं आमच्याकडे येणारी बरीचशी मुलं स्टडी परमिटवर शिकायला आलेली निघाली, म्हणजे नागरिक नाहीत, त्यांना मतच नाही. ज्यांना होतं ती इथंच जन्मलेली, कानातले इअरबड न काढता पुढं जाणारी. त्यांच्या आडवं उभं राहून काही नावं नोंदवलीच. पण मग लक्षात आलं, मत असूनही केंद्रापर्यंत न पोचणारी माणसं आमच्याच घरांत आहेत. मुलांनी स्पॉन्सर करून आणलेले आईबाप. नागरिकत्व मिळालेलं, पण गाडी चालवता येत नाही, इंग्रजी वाचता येत नाही आणि सगळी कागदपत्रं मुलाच्या कपाटात.

त्यातल्याच एक काकू. अमरावतीकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, ओकव्हिलला मुलाकडे राहणाऱ्या. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, मंडळाचा जुना कार्यकर्ता, मनानं चांगला. मी काकूंचं नाव नोंदवायला गेले तर हसत म्हणाला, "ताई, नाव टाका ना. पण आईला इश्यूज काय कळणार? मी सोबत जाईन, मीच मार्क करून देईन. अलाउड आहे, मी चेक केलंय."

त्याचं म्हणणं खरं होतं. वाचता येत नसेल तर घरच्या माणसाची मदत घेता येते. पण काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"आत मी एकटी जाईन."

मुलगा ऑफिसचा फोन घ्यायला वर गेला, तेव्हा त्यांनी मला सांगितलं. "आधी सासरा सांगे, मंग हे सांगत. सकाळीच चिन्ह सांगून ठेवत, मी त्याच्यावरच शिक्का मारे. संध्याकाळी विचारत, मारला ना बरोबर? आता एकडाव माह्या मनानं देऊ दे, पोरी. अन् कोणाले दिलं हे कोणाले समजलं नाही पायजे."

मी तिथल्या तिथं कबूल केलं. त्यात काय एवढं, असं मला वाटलं. मग पर्समधून नमुन्याची मतपत्रिका काढून त्यांच्यापुढं ठेवली. काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"चिन्ह कुठी हाय?"

चिन्ह नव्हतं. इथल्या मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव असतं, खाली बारीक अक्षरांत पक्षाचं नाव आणि शेजारी एक गोल. बस्स. इतकी वर्षं मी मतदान करते आहे, पण हे कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ओळखपत्र कुठलं चालतं, केंद्र किती वाजता उघडतं, हे सगळं मी म्हाताऱ्या माणसांना घसा कोरडा करून सांगत होते आणि त्यांच्यातल्या कित्येकांना तो कागद वाचताच येणार नव्हता. स्वतःचाच भयंकर राग आला.

उमेदवारांची यादी नक्की झाली होती. मी म्हटलं, "काकू, सोपं आहे. तुम्हाला ज्याला द्यायचंय त्याचं एकच नाव ओळखायला शिकवते."

"मंग तुले समजन ना मी कोणाले देतो ते."

मी मतपत्रिकेवर टेकवलेलं बोट उचललं.

"सगळे शिकव," त्या म्हणाल्या.

मग दर शनिवारी मी ओकव्हिलच्या त्या स्वयंपाकघरात हजर. कुठला उमेदवार कुठल्या पक्षाचा, एवढंच सांगायचं. बाकीचं रेडिओवरच्या हिंदी बातम्या आणि जेवताना चालणारे मुलाचे वाद ऐकून त्यांना पुष्कळ ठाऊक होतं. अक्षरांना त्यांनी स्वतःच नावं दिली: एक शिडी, एक भाकर, एक मोडकी खुर्ची. दोन उमेदवारांची आडनावं एकाच अक्षरानं सुरू होत होती. तिथं गाडी अडली. "हे दोघं भाऊ हायत का?" म्हणत त्यांनी कागद सरकवून दिला आणि चष्मा काढून ठेवला. मी तो पुन्हा त्यांच्या हातात दिला. दुसरं अक्षर, तिसरं अक्षर, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं होतं की त्या थकतील. थकायचे मी.

एका शनिवारी मी नावं वाचून दाखवत होते, तर काकू एकदम म्हणाल्या, "हे नाव आलं की तुहा आवाज गोड होते."

मी कानकोंडी झाले. ते नाव माझ्या उमेदवाराचं होतं. मला वाटत होतं, मी अगदी सरळ वाचते आहे. त्या दिवसापासून इथल्या गो ट्रेनमधल्या घोषणेतली बाई जशी स्टेशनांची नावं घेते तशी मी सगळी नावं घ्यायला लागले. काकू डोळे मिटून ऐकायच्या आणि पसंतीची मान हलवायच्या.

मतदानाच्या दिवशी मुलगा आम्हाला दोघींना गाडीतून केंद्रावर घेऊन गेला. शाळेचं जिम होतं. मी दारातच थांबले. काकूंनी ओळखपत्र दाखवलं, यादीत नाव सापडलं, आणि टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्यानं मदत हवी का असं विचारलं. मुलगा पटकन पुढं झाला.

"नो," काकू म्हणाल्या. तेवढं इंग्रजी त्यांना पुरलं.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे त्या गेल्या. मला फक्त त्यांची पाठ आणि स्वेटरवर घेतलेला पदर दिसत होता. डोकं कागदावर वाकलेलं. एक माणूस आला, शेजारच्या आडोशात मत देऊन गेलासुद्धा. आणखी एक गेला. काकू तशाच. मुलगा वळून माझ्याकडे बघायला लागला, जाऊ का, असं खुणेनं विचारायला लागला. मी जोरानं नकाराची मान हलवली. ती सारखी अक्षरं त्यांना आठवत असतील का? खूण गोलातच होईल ना? चुकलं तर ते कुणालाच कळणार नव्हतं, मलाही नाही.

मग त्या वळल्या. नीट घडी घातलेला कागद दोन्ही हातांत. अधिकाऱ्यानं कडेची नंबराची पट्टी फाडून तो परत दिला आणि काकूंनी तो स्वतः पेटीत टाकला. मी दारात उभी राहून रडले. पुसायला हातमोजेच होते.

गाडीत बसल्यावर मुलानं विचारलं, "आई, बरोबर मारलंस ना?"

"मारलं."

"कोणाला?"

काकू सीटबेल्ट लावत राहिल्या.

"अगं, मी काय परका आहे का? ताईंना सांगितलंस?"

"तिले पण नाही."

मला ते नाव ऐकायची इतकी इच्छा होती की मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

मुलगा हसला, पण थोडा दुखावलाही होता. "एवढं लपवायचं काय त्यात?"

"लपवत नाही रे," काकू म्हणाल्या. "माहं हाय ते."

त्यानं आरशातून आईकडे पाहिलं. मग गाडी सुरू केली, आणि पुन्हा विचारलं नाही.