धारेचं दूध आणि थायरॉईडची गोळी

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी नटवून मिरवायला काढतात. शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरू. पण नटवणं कुणालाही जमतं. खरी परीक्षा पुढं असते. मालकानं हाळी द्यायची आणि म्हशीनं गर्दीतनं, दोरी नाही काठी नाही, त्याच्यामागं धावत यायचं. धावली तर म्हस तुमची. नाही धावली तर नुसतं दावं तुमचं. माझी थोरली म्हस सहा पाडवे पहिल्या हाळीला धावली आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. गल्लीत कुणालाही विचारा.

तर एका उन्हाळ्यात माझा आवाज बसला. आधी वाटलं, गारठा. मग धार काढताना म्हशीच्या कुशीला डोकं टेकून डुलकी लागायला लागली. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायचो. जेवण निम्म्यावर आलं, तरी अंगरख्याची बटणं लागेनात. तेही सोसलं असतं. पण एक दिवस गोठ्याच्या दारातनं मी हाळी दिली आणि म्हशीनं मान वळवून माझ्याकडं असं बघितलं, जसं आपण चुकून दारात आलेल्या पावण्याकडं बघतो. आणि परत वैरणीत तोंड घातलं.

पोरगा मागं उभा होता. म्हणाला, "अप्पा, यंदा पाडव्याला हाळी मी देतो की."

"मी गेल्यावर दे," मी म्हणालो. पण ते सुद्धा अशा आवाजात आलं, की त्याला दोनदा विचारावं लागलं.

मग गेलो दवाखान्यात. डॉक्टरबाई तरुण, पण नजर धारदार. रक्त काढलं, दुसऱ्या दिवशी कागद आला. म्हणाल्या, "आजोबा, थायरॉईड कमी पडतोय."

मी चौथी शिकलोय, पण आकडे मला कळतात. म्हणालो, "बाई, कागदावर तर आकडा लई वाढलेला दिसतोय. वाढलाय तर कमी कसा?"

त्या हसल्या नाहीत, हे मला आवडलं. म्हणाल्या, "गळ्यात एक ग्रंथी असते. ती सुस्त झाली की मेंदूजवळची दुसरी ग्रंथी तिला ओरडून कामाला लावते. हा आकडा त्या ओरडण्याचा आहे. गळ्यातली ऐकत नाही, म्हणून वरची जास्त ओरडते."

हे मला इतकं पटलं, की त्याच्या पुढचं मी ऐकलंच नाही. वरची म्हणजे मी आणि गळ्यातली म्हणजे म्हस, एवढं चित्र डोळ्यांपुढं आलं. बाई पुढं सकाळी, उपाशीपोटी, पाण्यासंगं असं काही सांगत होत्या. मी व्हय व्हय म्हणत होतो.

आता आमचा धंदा सांगायला पाहिजे. आम्ही पहाटे म्हशी कट्ट्यावर नेतो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देतो. पहिला पेला मी स्वतः प्यायचो, सगळ्यांसमोर, फेस ओठाला लागेपर्यंत. म्हणजे पाणी न्हाय, भेसळ न्हाय, बघून घ्या. माझा बापही तेच करायचा. मी गोळी त्याच पेल्यासंगं घ्यायला लागलो. धारेचं दूध म्हणजे काय खाणं झालं? उपासाला दूध चालतं, मग गोळीला का चालणार नाही? एकही दिवस चुकवली नाही.

दीड महिन्यानं परत रक्त. आकडा तसाच. बाईंनी गोळी वाढवली. आणखी दीड महिना गेला. आकडा खाली येईना, आवाज वर येईना. पाडव्याला दोन महिने राहिले.

आता म्हणाल, बाईंना विचारायचं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला कळत नाही हे कबूल करायचं, आणि तेही नातीच्या वयाच्या पोरीपुढं. म्हणून मी माहिती बाहेर शोधली. कट्ट्यावर माहितीला तोटा नाही. आमच्या रोजच्या गिऱ्हाइकांत एक म्हातारा पैलवान आहे, त्याचं ज्ञान तर सगळ्यात मोठं.

"कोबी खाल्लास," पैलवान म्हणाला.

"वर्षात दोनदा खाल्ला असंल."

"तेवढा बास हाय. आनि ती गोळी सोड. एकदा लागली की जन्माची."

एकानं रात्री भिजवलेल्या धन्यांचं पाणी सांगितलं. एकानं तांब्याचं कडं. पोराच्या मोबाईलवर एक दाढीवाला कांदा चोळायला सांगत होता, आणि त्याचं बोलणं असं ठाम, की वाटलं ह्याच्या आज्ज्यानंच थायरॉईड शोधून काढला असणार. मी दुपारी कांद्याच्या चकत्या गळ्याला फडक्यानं बांधून बसलो. बायको आली, नाकाला पदर लावला.

"अवो, कोशिंबीर झालीया का काय तुमची?"

"औषध हाय."

"मग औषध घेऊन गोठ्यात बसा."

गोठ्यात गेलो तर म्हशीनंही तोंड फिरवलं. तिथं मात्र मी खचलो. कांदा सोडला आणि बायकोला म्हणालो, चल, दवाखान्यात जाऊ.

बाईंनी तिसरा कागद बघितला आणि माझ्याकडं बघितलं. "आजोबा, खरं सांगा. गोळ्या चुकवता ना?"

"बाई, पन्नास वर्षांत मी धार चुकवली न्हाय. गोळी चुकवीन?"

"चुकवत न्हाईत," बायको मधेच बोलली. "माझ्यादेखत घेत्यात. त्या दुधाच्या पेल्यासंगं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दुधासंगं?"

"धारेच्या," मी म्हणालो. जरा मानानंच म्हणालो.

मग त्यांनी मला परत सगळं सांगितलं, आणि ह्यावेळी मी ऐकलं. ही गोळी नुसत्या पाण्यासंगं घ्यायची. तासभर चहा नाही, खाणं नाही. दूध तर लांबच ठेवायचं, कारण दुधातलं कॅल्शियम गोळीला पोटात धरून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. तीन महिने मी औषध घेतलं होतं, आणि माझ्याच म्हशीचं दूध ते अडवून बसलं होतं. पाणी घातलेलं दूध असतं तर कदाचित थोडं लागू पडलं असतं. अस्सल दुधाचा असाही तोटा असतो.

"पहिल्या दिवशी सांगितलं होतं की हे," बाई म्हणाल्या.

"व्हय, सांगितलं असंल," मी म्हणालो.

बायकोनं माझ्या खिशातनं कॅलेंडरचं फाडलेलं पान काढून टेबलावर ठेवलं. कट्ट्यावर आणि मोबाईलवर ऐकलेली सगळी माहिती, वर थोडी माझी, मी त्याच्या पाठीमागं लिहून ठेवली होती. बाईंनी ते मन लावून वाचलं आणि शाळेतल्या मास्तरासारख्या खुणा करत गेल्या. कोबी शिजवून खावा, काही होत नाही. धन्याचं पाणी प्या, पण ते गोळीच्या जागी नाही. कडं घाला, शोभा आहे. कांदा, फुली. गोळी सोडायची ह्यावर त्यांनी एवढी मोठी फुली मारली, की कागद फाटला. पूर्ण बरोबर एकच गोष्ट निघाली, ती म्हणजे थंडी वाजली तर स्वेटर घालावा. तीही माझीच होती.

"आजोबा, पुढं कुणी काही सांगितलं तर असंच लिहून आणा. करायच्या आधी आणा," त्या म्हणाल्या. आणि वाढवलेली गोळी परत कमी केली. नीट घेतली तर एवढी लागायची नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोळी पाण्यासंगं घेतली, कट्ट्यावर पहिला पेला भरला आणि हातात धरून उभा राहिलो. पैलवान बघत होता. बाकीची गिऱ्हाइकंही बघत होती.

"का गा? आज पीत न्हाईस? काय घातलंस त्यात?" पैलवानानं विचारलं.

बापाच्या वेळेपासनंचा पेला, आणि कुणी असं विचारलं नव्हतं. मग सांगावं लागलं. थायरॉईड, गोळी, दूध, तीन महिने, सगळं. मोठ्यानं सांगावं लागलं, कारण घोगऱ्या आवाजात कुणाला कळेना. सगळे हसले. मी म्हणालो, "हसा. पन पेला कुणीतरी प्या, धंद्याचा सवाल हाय." पैलवानानं लगेच हात पुढं केला. तेव्हापासनं पहिला पेला तोच पितो, आणि त्याचं पोट बघून गिऱ्हाइकांचा विश्वास उलट वाढलाय.

पाडव्यापर्यंत सुस्ती गेली, स्वेटर उतरला, आकडाही बराच खाली आला. आवाज मात्र तीन हिश्श्यांतले दोन हिस्सेच परतला होता. बाई म्हणाल्या होत्या, वेळ लागेल. पण पाडवा कुणासाठी थांबत नाही.

गल्ली भरलेली. पोरगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "अप्पा, देऊ का मी?" मी नुसतं बघितलं. तो बाजूला झाला.

पहिली हाळी दिली. म्हस हलली नाही. दुसरी हाळी पोटातनं काढली, फाटली ती मधेच. म्हशीचे कान वळले. मग ती निघाली. धावली नाही, हे मी लपवणार नाही. झपाझप चालत, माणसं बाजूला सारत आली आणि थेट माझ्या गळ्याला नाक लावून फुसकारली. तिलाही तपासून घ्यायचं असावं.

घरी जाताना बायको म्हणाली, "डॉक्टरीणबाईंचं पयल्या दिवशी ऐकलं असतंसा, तर म्हशीनं पयल्या हाळीला ऐकलं असतं."

मी गळ्याकडं बोट दाखवून खुणेनं सांगितलं, की आवाजाला विश्रांती द्यायला सांगितलीय. तसं बाईंनी काही सांगितलेलं नव्हतं.