अक्काच्या डोळ्यांची उंची

आमचे आप्पा, नरसिंगराव, बसवनगुडीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन आहेत. दुसऱ्यांच्या इमारती काढण्यात जन्म गेला. स्वतःचं म्हणून एकच काम त्यांनी केलं, आणि तेच जिव्हारी लागलं.

देवनहळ्ळीकडे हॉकीचं नवं स्टेडियम व्हायचं होतं. त्यातली व्हीलचेअरवाल्यांची सोय आप्पांनी मागून घेतली, कारण घरात कावेरीअत्ते होती, त्यांची थोरली बहीण. तिसऱ्या वर्षी पोलिओत पाय गेले. हॉकीचं वेड मात्र असं, की कुठला गोलकीपर डावीकडे कच्चा आहे ते ती घरबसल्या सांगायची. साठी उलटली तरी मैदानात बसून एक मॅच बघितली नव्हती. दोनदा नेलं होतं. दोन्ही वेळा पायऱ्या आडव्या आल्या आणि चौघांनी उचलून न्यायला तिने साफ नकार दिला.

आप्पांनी टेप घेऊन खुर्चीत बसलेल्या अत्तेच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मोजली. पंचेचाळीस इंच. मग तीन महिने हा माणूस घरात असून नसल्यासारखा. उतार किती, दार किती रुंद, संडासातली दांडी कुठे, सगळं अत्तेवरून ठरलं. खुर्च्यांसाठी त्यांनी एक चौथरा काढला, आणि तिच्या डोळ्यांपासून पुढच्या रांगेतल्या डोक्यांवरून मैदानापर्यंत एक रेघ ओढली. रेघ कुठेही अडत नव्हती.

आमच्या घरात एक दंडक आहे. टीव्हीवर मॅच चालू असली की अत्तेच्या पुढे कोणी उभं राहायचं नाही. जावई असो नाहीतर गॅसवाला, आला की खाली बसायचं. गोल झाला तरी आम्ही बसूनच ओरडतो. चाळीस वर्षं आप्पांनी मॅच अशीच बघितली.

पहिल्या मोठ्या सामन्याला आम्ही तिघं गेलो. अत्ते आपली खुर्ची आपल्याच हातांनी ढकलत उतारावरून वर गेली. मैदान दिसलं तेव्हा तिने आप्पांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

शेवटचं मिनिट आलं. दोन-दोन गोल, आणि आपल्याला पेनल्टी कॉर्नर. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं.

अत्तेच्या पुढे नुसत्या पाठी. आप्पा पुढच्या लोकांना हात जोडून "स्वल्प कूतकोळ्ळी, सर, जरा बसा" म्हणत राहिले. अशा वेळी कोण बसतो? मीसुद्धा उभी होते, सांगायला लाज वाटते. तेवढ्यात एकच गलका झाला.

"नरसिंगा, काय झालं रे?" अत्तेने विचारलं.

आप्पांनी मैदानाकडे बघितलंच नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते. "माहीत नाही, अक्का," ते म्हणाले.

रेघ बसलेल्या लोकांच्या डोक्यांवरून काढलेली होती. लोक उठतात हे त्या भल्या माणसाला सुचलंच नाही. आमच्या घरात कोण उठतं?

चौथरा दोन फूट उचला म्हणून आप्पा ऑफिसात सहा महिने भांडले. मागच्या दोन रांगा काढाव्या लागतील, आणि आहे ते नियमात बसतंय, असं उत्तर मिळालं. अत्ते पुन्हा गेली नाही. कोणी विचारलं तर ऊन सोसत नाही म्हणते. मला संताप येतो, पण काढू कोणावर?

आता बेळ्ळंदूरजवळच्या नव्या स्टेडियमलाही तोच चौथरा घेतलाय. उंचीचा हट्ट धरलात तर चौथराच गाळू, असं साहेबांनी आप्पांना स्वच्छ सांगितलं. परवा ते नकाशा घरी घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर पसरून तासभर बघत बसले आणि शेवटी त्यांनी कोपऱ्यात सही केली.

अत्ते खुर्ची ढकलत जवळ आली. चौथऱ्यावर तिने बोट ठेवलं.

"नरसिंगा, इथून दिसेल का रे?"

आप्पांनी पेनाला टोपण लावलं.

"लोक बसले तर दिसेल, अक्का."