वळचणीच्या फळ्या आणि लेक कुणाची

आमच्या लोहारा गावातल्या घरावर पत्रे होते. गल्लीत बाकी सगळी माळवदं, जाड मातीची छपरं, उन्हाळ्यात गार. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, जर्मनच्या लढाईच्या आधी आमचं माळवद उतरवून पत्रे घातले आणि खालून लाकडाची तक्तपोशी केली. पत्रा आणि तक्तपोशी यांच्यामधल्या पोकळीला आम्ही माळा म्हणायचो. हे घर म्हणजे अप्पांची ऐट होती. पाहुणा आला की आधी त्याला वर बघायला लावायचे, मग बस म्हणायचे.

मी हैदराबादहून बी. ए. होऊन आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं, हे मी तेव्हाही छाती काढून सांगायचो आणि आजही सांगतो. फक्त घरच्यांचा एक समज झाला होता, की पदवी मिळाली म्हणजे या पोराला सगळंच कळतं. मी शिकलो फारसी आणि इतिहास. आव्वा, माझी आई, मला दाढदुखीवर औषध विचारायची.

निजामाचा अंमल संपायच्या आधीचा उन्हाळा तो. दिवस गडबडीचे. कुठल्या ना कुठल्या गावात वळचणीला टेंभा लावून घर पेटवल्याची बातमी यायची. खऱ्या किती, खोट्या किती, कुणालाच सांगता येत नव्हतं. अप्पांनी भिंतीचा माथा आणि पत्र्याची बाहेर आलेली कड यांच्यामधली फट पुढून-मागून फळ्या ठोकून बुजवून टाकली. पत्रा जळत नाही, पण आतली लाकडं जळतात, म्हणून. आग काही आली नाही. वारा मात्र जो थांबला तो थांबलाच.

त्यातच धाकट्या बहिणीला पहिल्या बाळंतपणाला आणलं. आठवा लागला होता. दुपारी माळ्यात कोंडलेली झळ तक्तपोशीतून खाली उतरायची आणि तिला धाप लागायची. एक दिवस ती चुलीपुढून उठली आणि भिंत धरत खालीच बसली. ओठ पांढरे पडलेले. आव्वानं सुईणीला बोलावलं. तिनं पोट चाचपलं, नाडी बघितली, मग वर बघितलं.

"ही घर हाय का भट्टी? पोरीला वारा द्या. कळा यायच्या आधीच दमून गेली तर मी काय करू?"

हे ऐकून आव्वा रडायला लागली आणि मी म्हणालो, त्यात काय, सुताराला बोलावू, फळ्या काढून विरळ पट्ट्या ठोकू. आग शिरणार नाही आणि वाराही खेळेल. मला वाटलं, प्रश्न मिटला.

आव्वा रडता रडता थांबली. "ठोकू? घरात गरवार बाई असताना घराला खिळा? लेकराला इजा होती. कळत न्हाय का तुला?"

अप्पा दुकानातून जेवायला आले होते. ते म्हणाले, "ते सुनेला असतंय. लेक दिल्या घरची. तिच्या सासरी ठोकायचं न्हाय. आपल्या घराला ठोकलं तर तिला काय हुतंय?"

"पोटातल्या लेकराला कळतंय व्हय, घर कुणाचं हाय ते?"

"मग आता जावायाच्या घरी एखादा खिळा मारला, तर तो लागंल का न्हाय? दोन्हीकडचा कसा लागंल?"

"म्या काय सांगू? लागला म्हंजी?"

दोघंही माझ्याकडं वळले. "तू सांग. बी. ए. हैस की."

मी आव्वाचं ऐकलं की तिचं पटायचं, अप्पांचं ऐकलं की अप्पांचं. खिळ्यानं काही होत नाही असं एका दमात म्हणून टाकावं, तर जीभ उचलेना. समोर बहीण बसली होती, पोटावर हात ठेवून. आणि काही झालंच तर?

शेवटी अप्पांनी आमच्या मठाच्या जंगम स्वामींना विचारलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, ताक घेतलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "तसं बी हाय, असं बी हाय." आणि गेले.

समोरची काकू म्हणाली, पोरीला दुपारची आमच्या माळवदाखाली आणून निजवा. अप्पांना ते झोंबलं. पहिल्या बाळंतपणाची लेक दुसऱ्याच्या छपराखाली? पण संध्याकाळी तेच म्हणाले, "एक दिवस समोर जाऊन बसू दे तिला. तेवढ्यात सुतार ठोकून घेतो. ती घरात नसली म्हंजी झालं."

बहीण भिंत धरून उभी राहिली. "अप्पा, तुमी एकदा काय ते ठरवा," ती म्हणाली. "मी ह्या घरची असंल तर खिळा मारू नका. मी गुदमरून मरते. ह्या घरची नसंल तर खुशाल मारा. पर मग मला हितं आणलं कशाला?"

अप्पा वर तक्तपोशीकडं बघत बसले. त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

सकाळी तीच माझ्याजवळ आली. "दादा, ठोकायचं न्हाय म्हणत्यात. उपटायचं न्हाय, असं कुणी म्हणलंय का?"

मी आव्वाकडं बघितलं. आव्वा भाकरी थापताना थांबली. "उपटायचं... न्हाय बाई. तसं कुणी म्हणलेलं ऐकलं न्हाय."

मी सुताराकडं पकड मागायला गेलो. पकड त्यानं दिली, स्वतः यायला मात्र तयार नाही. "माझा हात सवयीनं हातोडीकडं जातो मालक. नंतर आव्वा माझ्या नावानं बोंबलतील."

मग मी शिडी लावली आणि पुढच्या वळचणीचा एकेक खिळा उपटायला सुरुवात केली. फळ्या जुन्याच मारलेल्या, वाळवी लागलेल्या; दोन तर नुसत्या हात लावताच भुगा झाल्या. अप्पा खाली उभे राहून सारखे म्हणत होते, "हळू. आवाज करू नको." फळ्यांच्या जागी बांबूच्या कामट्या तारेनं वाशांना बांधल्या. प्रत्येक दोन कामट्यांमध्ये अप्पा शिडी चढून मूठ घालून बघायचे. मूठ गेली की म्हणायचे, "टेंभा जाईल. जवळ घे."

एवढं करून खाली आलो, तर उकाडा होता तसाच. मला काही कळेना. फट उघडली, बाहेर वारा आहे, मग आत का येत नाही? माळ्याच्या तोंडाशी उदबत्ती धरून बघितली. धूर जिथल्या तिथं लोंबकळत राहिला. अप्पा म्हणाले, "बी. ए.चा वारा वेगळा असतोय का रे?" मी चिडून शिडी उचलली आणि घराच्या मागं गेलो. मागच्या फळ्या काढून कामट्या बांधायला दुसरा दिवस गेला. संध्याकाळी परत उदबत्ती धरली. धूर जरा वाकला, थबकला, आणि मागच्या बाजूला निघून गेला. यायला वाट होती, जायला नव्हती, एवढंच ते.

तिसऱ्या दिवशी बहीण दुपारी झोपली. तोंड मिटून, शांत. आव्वा तिच्या उशाशी बसून नुसती बघत राहिली.

आणि नेमकं तेव्हाच समोर ठक-ठक सुरू झालं. समोरच्यांच्या दाराची चौकट निखळली होती, ते नवी बसवत होते. अप्पा अनवाणी धावत सुटले. "बंद करा! बंद करा ते! घरात लेक हाय माझी!"

समोरचे काका हातोडी धरून उभे. "लेक तुमच्या घरात हाय की. ठोकतोय मी माझ्या घराला."

"आवाज येतोय न्हवं!"

"पर तुमीच तर म्हणला हुता, लेक दिल्या घरची—"

"ती हाय माझ्या घरात!"

बहीण जागी झाली होती. आतून हसत ओरडली, "अप्पा, मी दिल्या घरची न्हवं का?"

"तू गप पड!"

काकांनी हातोडी खाली ठेवली. कुठला नियम, कुणाचं घर, पुढं काही विचारलं नाही. दार भिंतीला टेकवून ठेवलं. त्या तसल्या दिवसांत ते माणूस आतून खाट आडवी लावून बिनदाराच्या घरात झोपत राहिलं, आमची लेक मोकळी होईपर्यंत. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

अप्पा साखर वाटायला निघाले तेव्हा पहिल्यांदा समोरच गेले. साखर दिली, आणि नवी चौकट जागेवर धरून उभे राहिले. काकांनी हातोडी उचलली. "आता चालतंय का?"

अप्पांनी आमच्या घराकडं तोंड केलं आणि मोठ्यानं विचारलं, "पोरी, ठोकू का गं?"

आतून बाळाचं रडणं आलं, आणि मागोमाग तिचा आवाज. "ठोका, अप्पा."