न निघून गेलेलं भूत

भोपळ्यात मेणबत्ती लावली की झाकणाचा गर करपतो, आणि त्या वासासरशी मला जर्मनीतल्या कार्ल्सरूहेचं ते साहित्य संग्रहालय आठवतं. हॅलोविनला त्यांनी मुलांच्या आजी-आजोबांना आपापल्या भाषेत भुताची गोष्ट सांगायला बोलावलं होतं. पुण्याहून आलेली माझी आई ठेवणीतली इरकल नेसून खुर्चीवर बसली, शेजारी मी, जर्मनमध्ये सांगायला. दोन वाक्यं झाली आणि ती थांबली. आमच्याकडे ऐकणाऱ्याने "हूं" म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. समोरची मुलं शिस्तीत गप्प बसलेली. तिने माझ्याकडे पाहिलं. पण त्या सगळ्या पालकांसमोर "हूं हूं" करायची मला लाज वाटली, मी नुसतं भाषांतर केलं. "ऐकत्येस ना गं?" तिने हळूच विचारलं. मी घाईने मान हलवली. आणखी दोनदा थांबून वाट पाहिल्यावर ती म्हणाली, "मग भूत निघून गेलं. संपली गोष्ट." टाळ्या पडल्या. त्या गोष्टीतलं भूत कधीच निघून जात नाही, हे तिथे आम्हा दोघींनाच माहीत होतं. भूत कुठे गेलं, असं तेव्हा समोर बसलेली माझी मुलगी अजून जर्मनमध्ये विचारते. आजीला फोन करून विचार, असं म्हणायचं धाडस मला होत नाही; फोनवरही आई "हूं"ची वाट पाहत थांबेल. म्हणून मीही सांगते, निघून गेलं.