कमळीच्या दोन तक्रारी

राहीबाई आणि केसरीनाथ यांचा काडीमोड झाला तो १९८५ साली, केसरीनाथच्या गावी, वडप्याच्या देवळात, पाच माणसांसमोर. मारझोड नव्हती, दारू नव्हती. केसरीनाथ ट्रकवर ड्रायव्हर. पंधरा-पंधरा दिवसांनी घरी यायचा आणि आल्या आल्या दोघांचं जुंपायचं. सहा वर्षं हेच चाललं. शेवटी दोघंही कंटाळली. मुलगी कमळी तेव्हा पाच वर्षांची. शाळेचे दिवस आईकडे, शनिवार-रविवार बापाकडे, असं पंचांनी ठरवलं. "चला, भांडण मिटलं," म्हणत ते उठले.

राहीबाईने भिवंडीत, निजामपुऱ्याच्या एका गल्लीत खोली घेतली आणि लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागली. तिची ड्युटी सुटेपर्यंत शेजारच्या रशिदाभाभी कमळीला सांभाळायच्या. तिकडे केसरीनाथनेही लांबच्या फेऱ्या सोडल्या. त्याची थोरली बहीण आक्का सोमवारी सकाळी कमळीला एसटीने आणायची, गल्लीच्या तोंडाशी सोडायची आणि तिथूनच माघारी फिरायची.

मग राहीबाई पोरीला पुढ्यात घेऊन बसायची.

"काय जेवलीस गो तिकडं?"

"भात आन करदीचं कालवण. बाबांनी झोका बांधला."

राहीबाई "बरं" म्हणायची, पण तिचं तोंड उतरायचं. त्या दिवशी मग ती फारशी बोलायची नाही.

असं वर्षभर गेलं आणि एका सोमवारी कमळी म्हणाली, "आक्का मला शिळी भाकर देते. दोन्ही दिवस तीच."

राहीबाईने तिला कुशीत ओढलं. केस विंचरले, गूळ-शेंगदाणे दिले. दुसऱ्या दिवशी अर्धी शिफ्ट टाकून तिने पोरीला शाळेत सोडलं आणि थेट वडपं गाठलं.

आक्का अंगणात मासे साफ करत होती.

"पोरीला शिळंपाकं घालता तुमी?" राहीबाईने उभ्याउभ्याच विचारलं.

आक्काच्या हातातला मासा तसाच राहिला. "आमी? आन तू गो? पोरीला कोंडून, भाईरनं कडी लावून कामाला जातेस ती? पोरगी रडत सांगते. केसरी उद्या पंचांना बोलवतोय."

"कडी?" राहीबाई म्हणाली. "ती रशिदाभाभींकडं असते. त्यांच्या पोरींत खेळते, तिथंच जेवते. जाऊन इचारा."

केसरीनाथ दारात आला होता. तो म्हणाला, "आमच्याकडं शिळी भाकर ढोरांना जाते, राही. पोरीला न्हाय."

मग आक्का उसळली, "एवढीशी पोर आन एवढं खोटं! येऊ दे शनवारी, बघते तिला."

"मारू नका तिला," राहीबाई म्हणाली. ती ओट्याच्या कडेला टेकली. शिळ्या भाकरीचं ऐकलं त्या क्षणी आपल्याला वाईट वाटलं होतं, पण त्याच्या आधी बरं वाटलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं. पोरीने ते बरोबर ओळखलं होतं. "चांगलं सांगितलं की माझं तोंड वाकडं व्हायचं. वाईट सांगितलं तवा जवळ घेतली. ती काय करेल?"

"मी पण तेच केलं," केसरीनाथ म्हणाला. "कडीचं सांगितलं त्या दिवशी मी तिला बांगड्या आणल्या."

त्या दिवशी पंच नव्हते, कागद नव्हता. दोघांनी एवढंच ठरवलं, की पोरीला तिकडचं काही विचारायचं नाही. जे असेल ते एकमेकांनाच विचारायचं, आणि तेही समोरासमोर. पुढच्या सोमवारी आक्का गल्लीच्या तोंडाशी न थांबता दारापर्यंत आली. रशिदाभाभींनी तिला चहा दिला.

सगळं सरळ झालं असं नाही. ८९ साली केसरीनाथने दुसरं लग्न केलं, तेव्हा राहीबाईच्या तोंडून निघून गेलं, "जा, नवी आई वाट बघत असेल." कमळीने दप्तर खाली ठेवलं आणि म्हणाली, "मग मी न्हाय जात." राहीबाईला ते लागलं. तिने दप्तर उचललं, पोरीचा हात धरला आणि त्या शनिवारी स्वतः वडप्याला गेली. नवी बायको दारात घाबरून उभी होती. राहीबाई तिला म्हणाली, "हिला कानात थंडी बाधते. झोपताना फडकं बांध." आणि परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून रडली. ते कमळीला कधी कळलं नाही.

पुढे कमळीने नर्सिंगला जायचं ठरवलं. ९८ साली ठाण्याला प्रवेश घ्यायला दोघंही आली. राहीबाई आणि केसरीनाथ यांची मैत्री वगैरे झाली नव्हती. बाकावर दोघं दोन टोकांना बसली होती. कारकुनाने विचारलं, "पालक म्हणून सही कोणाची?"

"दोघांची घ्या," कमळी म्हणाली.

"एकच जागा आहे."

केसरीनाथने पेन राहीबाईकडे सरकवलं. तिने सावकाश सही केली आणि म्हणाली, "खाली जागा हाय बघा. तिथं तुमी करा."