आरोप पौर्णिमेवर होता

नोकरीतल्या बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील आता एकमेकांत मिसळून गेले आहेत, पण ती एक घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. तेव्हा औंध भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या ठाणे अंमलदाराचं ठाम मत होतं की अमावस्या-पौर्णिमेला माणसं बिघडतात. "मग चंद्रालाच अटक करू या," असं म्हणून मी त्याची थट्टा करायचो.

एका पौर्णिमेला दिवस मावळताना जवळच्या गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "सायब, लवकर या. पुतण्यानं चुलत्याचं डोकं फोडलंय. पोरगं दर पुनवंला बिघडतंय, पर आज लोक त्याला सोडायची न्हाईत."

आम्ही पोचलो तेव्हा तो तिशीचा तरुण शेळ्यांच्या खोपटात कोंडलेला होता. चुलत्याला दवाखान्यात हलवलं होतं. विहिरीपाशी लोखंडी बादली पडली होती, तिच्या काठाला रक्त होतं. याला गावात ठेवू नका, असं सगळे ओरडत होते. त्याची विधवा आई खोपटाच्या दाराला पाठ लावून उभी होती. "आदी मला न्या," एवढंच ती म्हणत होती. तिला दुसरं मूल नव्हतं.

गावात डोकं फुटलं की पोलीस आधी शेताचा बांध बघतो. मीही चौकशी केली, पण चुलत्या-पुतण्यात कसलाच वाद नव्हता. जबाब घ्यायला गेलो तर टाके पडलेला चुलता पुतण्याचीच बाजू घेऊ लागला. "आवं सायब, पोरगं लय गरीब हाय. हातात बादली घिऊन हिरीकडं झोकांड्या खात चाललं व्हतं. पडंल म्हणून म्या धरलं, तर बादलीच फिरवली. डोळं माझ्याकडं व्हतं, पर वळख न्हाई."

ठाण्यात तरुणाला समोर बसवलं.

"काय झालं?"

"ठावं न्हाई सायब. भानावर आलो तवा खोपटात व्हतो. काका कसा हाय?"

विसरल्याचं सोंग घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. ते काहीतरी रचून सांगतात आणि जखमीची चौकशी सहसा करत नाहीत. हा तेवढंच पुन्हा पुन्हा विचारत होता. चहा दिला, तर पहिल्या घोटालाच कळवळला. तोंड उघडायला लावलं, तर जीभ कडेला चावली गेली होती.

वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी ती जीभ बघितली आणि ते म्हणाले, "याला फिट येऊन गेलीय. फिटनंतर काही वेळ माणूस भानावर नसतो. तेव्हा कुणी धरलं की झटापट करतो, पण त्याला ते कळत नाही."

आईला विचारलं. "ल्हानपणापास्नं हाय," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू हायत. पर फेफरं म्हणलं तर पोरगी कोण दील? देवीचं वारं म्हणलं की लोक पाया पडत्यात."

पण गोळ्या चालू असताना फिट येते, आणि तीही पौर्णिमेलाच, हे मला पटेना. अंमलदार मात्र खुशीत होता.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्यासाठी घरी गेलो. देव्हाऱ्यात यमाईच्या चांदीच्या टाकापुढं गोळ्यांचं पाकीट ठेवलेलं होतं, त्यावर हळदी-कुंकू वाहिलेलं.

"मावशी, हे काय?"

"चौदस लागायच्या आदीपास्नं पुनव सरंपतूर गोळी आईफुडं ठिवायची. ते तिचं दिस. त्यात औषध दिलं तर तिच्यावर इश्वास न्हाई असं व्हतंय. लय कडक पाळते, सायब. येकबी पुनव चुकवली न्हाई."

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "गोळीत असा खंड पडला तर फिट येणारच," ते म्हणाले. मी तिला सगळं समजावलं. तिनं देव्हाऱ्यातलं पाकीट उचललं.

"म्हंजी मीच केलं व्हय, सायब?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. पण मग पुढच्या चौदसला पाकीट पुन्हा देव्हाऱ्यात गेलं असतं. "व्हय मावशी," मी म्हणालो, "मायेपोटी केलं. पण झालं ते त्यानंच."

ती खूप रडली. मग पदरानं पाकिटावरचं कुंकू पुसलं, एक गोळी काढून टाकापुढं ठेवली, हात जोडले आणि ती परत उचलली. "आता आईचा परसाद म्हणून रोज दीन," म्हणाली. त्याच आठवड्यात देवळासमोर गाव बसलं, तेव्हा ती स्वतः उभी राहिली आणि पोराला फेफरं आहे हे तिनं सगळ्यांना सांगितलं. डोक्याला पट्टी बांधलेला चुलता तिच्या बाजूला उभा होता. पोराला गावाबाहेर काढायची भाषा तिथंच थांबली. पुढं वैद्यकीय अभिप्राय कोर्टात गेला आणि प्रकरण समेटानं मिटलं.

चंद्राचा माणसाच्या वागण्यावर परिणाम होतो का, असं निवृत्तीनंतर लोक मला विचारतात. मी हसण्यावारी नेत नाही. आकाशातला चंद्र काय करतो ते मला सांगता येणार नाही, पण तिथी बघून माणसं घरात काय काय बदलतात ते मी पाहिलं आहे. त्यानंतरच्या प्रत्येक तपासात मी विचारायचो, "त्या दिवशी घरात रोजच्यापेक्षा वेगळं काय केलं?"

त्या घटनेनंतरची पहिली पौर्णिमा झाली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात त्या मावशीचा फोन आला होता.

"सायब, पुनव झाली."

"मग?"

"काय न्हाई. जेवला आन् झोपला."

काहीच न घडल्याची वर्दी मला उभ्या नोकरीत तेवढी एकच मिळाली.