तीन पाण्यानं धुतलेला पंप

आयुष्यभर मी किडे मारायचं औषध विकलं. वरवट बकालला माझं कृषी केंद्र आहे, खाली दुकान आणि वर घर. अशा माणसाच्या घरात लेकीनं पाळायला कोळी आणला, आता बोला! तोही जाळ्यातला साधा नाही. टॅरंटुला म्हणतात तो, तळहाताएवढा, अंगभर लव असलेला.

लेक पुण्याहून आली ती नवऱ्याला सोडून, कायमची. जीपमधून उतरली तेव्हा तिच्यापाशी एक बॅग होती आणि मांडीवर धरलेली काचेची पेटी. बॅग माझ्या हातात दिली, पेटीला हात लावू दिला नाही. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून या घरात मी एकटाच भांडी वाजवत असतो. पोरीचा संसार मोडला म्हणून मला वाईट वाटायला पाहिजे होतं. खोटं काऊन बोलू, मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

पहिल्याच दिवशी तिनं नियम सांगितले. ही मादी आहे, नीट सांभाळली तर वीस वर्षं जगते. प्रवासानं भेदरली आहे, तेव्हा आठ दिवस खायला द्यायचं नाही, पेटी हलवायची नाही, सारखं डोकावायचं नाही. आत नारळाची करवंटी पालथी ठेवली आहे, वाटेल तेव्हा ती आपणहून तिच्याखाली जाईल. आणि दुकानातली एकही वस्तू वर आणायची नाही. मी दुकानातून आलो की आधी आंघोळ, मग तिच्या खोलीत पाय. मनात म्हटलं, बापा, हे तर सोवळंच लागलं मागं. पण पाळलं. थंडीचे दिवस होते, तरी पाळलं.

चार दिवस त्या कोळ्यानं खालच्या भुशाला पाय लावला नाही. काचेच्या एका कोपऱ्याला चिकटून बसलेला. लेकही तशीच. बॅगेतून कपडे काढायची आणि धुऊन परत बॅगेतच ठेवायची. जेवताना दोन घास खाऊन उठायची. मी काही विचारायचो नाही. डोकावायचं नाही हा नियम तिनं कोळ्यापुरता सांगितला होता, मी तो दोघींना लावला.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. कोळी खाली उतरला होता आणि करवंटीखालचा भुसा पायांनी बाहेर लोटत होता. घर करत होता. लेक कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. त्याच दुपारी तिनं बॅग रिकामी करून कपडे आईच्या कपाटात लावले. खामगावच्या एका कॉलेजात अर्ज टाकला होता, तिथून भेटायला बोलावलं होतं, तेही तेव्हाच सांगितलं. आल्यापासून पुण्याची बोली बोलत होती, त्या दिवशी पहिल्यांदा आपल्यासारखी बोलली.

"लागली नोकरी तर इथंच राहीन, बाबा. इले पुन्हा हालवाचं नाही मले."

मी वर गच्चीवर गेलो आणि रडलो. म्हातारपणी असं काहीबाही होतं.

खामगावला जायच्या दिवशी तिनं एकच काम सांगितलं. दुपारी पेटीच्या एका कोपऱ्यात चमच्यानं थोडं पाणी टाका, बाकी कशाला हात लावू नका. आता चमच्यानं पाणी टाकलं की भुशात खड्डा पडतो, आणि मी तर फवारणीतला माणूस. गच्चीवर कुंड्यांसाठी ठेवलेला छोटा हातपंप होता. दुकानातला नव्हता, घरचा होता. जास्वंदीवर मावा पडला तेव्हा एकदाच त्यात औषध घातलं होतं, त्याला कित्येक महिने झाले. तरी मी तो साबणानं धुतला, तीन पाण्यानं. गिऱ्हाईकांना तीस वर्षं हेच सांगत आलो, पंप तीन पाण्यानं धुवा, मग बिनघोर वापरा. एका कोपऱ्यात बारीक फवारा मारला. भुसा असा छान भिजला की मीच मला शाबासकी दिली.

ती संध्याकाळच्या बसनं आली. सोमवारपासून या म्हणाले, हे जिन्यातूनच सांगत वर आली. मी चहा ठेवला. मग खोलीतून तिचा आवाज येईना म्हणून गेलो. कोळी करवंटीबाहेर होता. पाय थरथरत होते, चालायला जायचा आणि एका अंगावर कलंडायचा. मला कोणी सांगायची गरज नव्हती. लोक माझ्याच दुकानात येऊन सांगतात, किडा थरथरला आणि पडला, औषध एक नंबर आहे.

"बाबा, पाणी कशानं देल्लं?"

मी पंप दाखवला. घरचा आहे म्हटलं, दुकानातला नाही, तीन पाण्यानं धुतला.

"हाव," ती म्हणाली. "तुम्ही तीन पाण्यानंच धुतला असंन."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं सगळा भुसा बदलला, काच पुसली, ताजं पाणी ठेवलं आणि पेटीपाशी बसली. सकाळी त्याचे आठही पाय पोटाखाली मुडपलेले होते. गच्चीवरच्या जास्वंदीच्या कुंडीत आम्ही त्याला पुरलं. दुसरी आणू म्हटलं, तिनं नको म्हणून मान हलवली. सोमवारी ती खामगावच्या बसमध्ये बसली नाही. पुण्याच्या बसमध्ये बसली.

"तुमच्यावर राग नाही, बाबा. पण मला इथे नाही जमणार."

तिचा दर रविवारी फोन येतो. जेवलात का विचारते. नवीन आणली का मी विचारतो, नाही म्हणते. ये म्हणतो, बघते म्हणते. येणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे. तिच्या खोलीत ती पेटी अजून तशीच आहे.

परवा एक शेतकरी विचारत होता, तणनाशकाचा पंप धुऊन कपाशीवर चालते का. नाही म्हटलं. तो म्हणाला, तुम्हीच तर सांगत होते, तीन पाण्यानं धुतला की काही राहत नाही. मी म्हटलं, हो, सांगत होतो.